फ्रीजकाका आणि दहा बाटल्यांची शर्यत

आमच्या कॉलेजात एक फ्रीज होता आणि त्या फ्रीजला एक माणूस होता. असंच म्हणावं लागेल, कारण त्या माणसाचा फ्रीज होता असं म्हटलं तर त्यालाच राग आला असता. "फ्रीज कॉलेजचा, लस तुमची, मी नुसता राखणदार," असं ते म्हणायचे, आणि फ्रीजला कुणी नुसतं टेकून उभं राहिलं तरी अंगावर धावून यायचे.

लसीकरणाची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एक टेबल, एक बाक, हात धुवायचं बेसिन, खिडकीत कप टांगायचं स्टँड आणि कोपऱ्यात तो पांढरा फ्रीज. फ्रीजच्या दारावर तक्ता: तारीख, सकाळचा पारा, संध्याकाळचा पारा, सही, आणि शेवटचा रकाना 'कारण'. पारा दोन ते आठच्या बाहेर गेलाच तर का गेला ते तिथे लिहायचं. तक्त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन लोंबायचं, कारण विद्यार्थी पेनं पळवतात हा काकांचा अकरा वर्षांचा अनुभव. पन्नाशी उलटलेला काटकुळा माणूस, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट आणि खिशाला आतून सेफ्टी पिनेने अडकवलेली फ्रीजची किल्ली. सगळं कॉलेज त्यांना फ्रीजकाका म्हणायचं.

मी लॅब टेक्निशियनच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वर्गाची मॉनिटर. मॉनिटर कसली, हरकामी. शहाण्णव जणांपैकी कुणाचा हिपॅटायटिस बीचा कितवा डोस झाला याची यादी माझ्या गळ्यात मारलेली. हा आजार रक्तातून पसरतो आणि यकृताला धरतो, आणि आमचं तर कामच रक्ताचं. डोस तीन: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. पहिल्याला सगळे नटूनथटून आले, दंड दाखवत फोटो काढले. दुसऱ्याला हाकलून आणावं लागलं. तिसऱ्याची तारीख जवळ आली तसं मी समोरून दिसले की लोकांना भलतीकडे कामं आठवायला लागली.

"दोन झाले ना? बास की!" असं आमच्या वर्गातला लंबू म्हणायचा. त्याला लंबू म्हणत कारण तो खरंच पंख्याला टेकायचा बाकी असायचा. खरं सांगायचं तर माझंही मनातून तेच मत होतं. फक्त मॉनिटर असल्यामुळे तोंडाने उलटं बोलावं लागायचं.

काका मात्र ऐकून घेत नसत. "चारी भिंती बांधल्या, छप्पर टाकलं नाही आणि म्हणे घर झालं! तिसरा डोस म्हणजे छप्पर. त्याशिवाय वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही."

आता कपाची गोष्ट सांगायला हवी, जरी ती सांगताना मला आजही माझा राग येतो. खिडकीतल्या स्टँडवर सहा पांढरे कप होते. त्यातल्या एकाच्या कानाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तो काकांचा. पहिल्याच महिन्यात लंबू माझ्या कानात कुजबुजला होता, "त्यांना तेच आहे. बी." झालं. त्या दिवसापासून काकांनी चहा विचारला की मी "आत्ताच घेतला, काका" म्हणायचे. दीड वर्षात इतका चहा 'आत्ताच घेतला' की खरंच प्यायले असते तर पित्ताने आडवी झाले असते. आणि त्याच वर्षी परीक्षेत प्रश्न होता: हा आजार एकत्र जेवल्याने, कपातून, हात मिळवल्याने पसरतो का? मी 'नाही' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पैकीच्या पैकी गुण!

तिसरा डोस एका सोमवारी ठरला. मंगळवारपासून आमची वॉर्डात नेमणूक, म्हणजे खरे रुग्ण, खऱ्या सुया. अकरा बाटल्या फ्रीजमध्ये येऊन बसल्या होत्या. एका बाटलीत दहा डोस, म्हणजे सगळ्यांना पुरून उरणार.

आदल्या शुक्रवारी दुपारी काकांनी मला बोलावलं आणि खिशाची पिन काढली.

"माझी आज रक्ताची तपासणी. दर सहा महिन्यांनी असते. तुला माहीत असेलच, सगळ्यांना आहे."

मी मान खाली घातली.

"बावीस वर्षांचा होतो. दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात हत्यारं धुवायच्या कामाला. कुण्या विद्यार्थ्याने ट्रेमध्ये कापसाखाली सुई तशीच ठेवली होती. डब्यात टाकायला दोन पावलं चालावं लागलं असतं, म्हणून. मला टोचली. मी बोट तोंडात घालून चोखलं, शर्टाला पुसलं आणि कामाला लागलो. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. लस होती, पण ती विद्यार्थ्यांना. धुणाऱ्यांचं नाव यादीत नसायचं."

"मग कळलं कसं?"

"वर्षाने रक्तदान करायला गेलो, तिथून पत्र आलं. माझ्यासारखा मोठेपणी हा आजार झालेल्या शंभरात पंच्याण्णव जणांचं अंग ते आपसूक निस्तरतं. आम्ही राहिलेल्या पाचातले!" हे सांगताना ते हसले, जसं काही पहिला नंबर आला होता. "बायकोला, पोरांना लस दिली. ते ठणठणीत. मीही बरा आहे, फक्त तपासत राहावं लागतं."

मग त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "ही मला सहज मिळालेली नाही. अधीक्षक साहेब म्हणाले होते, ज्याला तोच आजार त्याच्याच हातात ती लस कशी द्यायची? डॉक्टरांचं पत्र आणलं, लस टोचणाऱ्या सिस्टर माझ्या बाजूने भांडल्या, तेव्हा साहेब म्हणाले, ठीक, पण एक चूक आणि किल्ली परत. अकरा वर्षं झाली. चार वाजता दार उघड, पारा बघ, लिही, दार लाव. बाकी कशाला हात लावू नकोस."

बाकी कशाला हात लावू नकोस. सरळ साधं वाक्य. पण मी मॉनिटर ना!

त्या दिवशी उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि दोन ते चार वीज गेलेली. चारला मी दार उघडलं तर पारा आठवर टेकलेला. वीज नुकतीच आली होती, फ्रीज घरघरत होता, तासाभरात पारा आपला आपण खाली आला असता. पण माझ्या डोक्यात लस म्हणजे आइस्क्रीम. जितकी थंड तितकी चांगली! काकांनी तीनवर ठेवलेलं फ्रीजचं बटण मी शेवटपर्यंत, सातवर फिरवलं. वर आणखी शहाणपणा असा की माझी पाण्याची बाटली तापली होती, म्हटलं पाच मिनिटं ठेवू. ती बसेना म्हणून लसीची टोपली जरा मागे सरकवली, पार मागच्या भिंतीला. तक्त्यावर 'आठ' लिहून झोकात सही केली. मग मैत्रिणीची हाक आली आणि मी बाटलीसकट सगळं विसरून निघून गेले.

शनिवारी सकाळी किल्ली द्यायला गेले तेव्हा काका खुशीत होते. तपासणी चांगली आली होती. त्यांनी दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. पारा शून्याच्या खाली दोन. त्यांनी माझी बाटली काढून माझ्या हातात दिली. आत पाण्यात बर्फाच्या सळया तरंगत होत्या.

"ही तुझी," एवढंच म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं, आणि ते मला पुस्तकातही वाचलेलं आठवलं, पाठ केलेलं, खाली रेघ मारलेलं: ही लस उन्हाने बिघडते तशी गोठल्यानेही मरते. मेलेली लस टोचली तर अपाय काही नाही, पण उपयोगही शून्य. शहाण्णव जण छप्पर पडलं असं समजून पावसात जाणार, आणि वर आभाळ मोकळं.

"आता काय करायचं, काका?" मी विचारलं.

"करायचं काय, विचारायचं. बाटल्यांनाच." त्यांनी बटण तीनवर आणलं, अकरातली एक बाटली उचलून वरच्या बर्फाच्या कप्प्यात मुद्दाम ठेवली. "ही पार दगड होऊ दे. सोमवारी नऊला ये. आणि घरी जाऊन रडत बसू नकोस, यादी पक्की कर."

निघताना मी तक्त्याकडे पाहिलं. शनिवार, सकाळ, उणे दोन. सही. आणि 'कारण' हा रकाना कोरा. अकरा वर्षांत पहिल्यांदा पारा हद्दीबाहेर जाऊनही काकांनी तो रकाना कोरा ठेवला होता. तो कुणासाठी कोरा होता हे मला लख्ख कळलं, आणि तरीही मी पेनाला हात न लावता घरी गेले. इतकी भित्री मी कधीच नव्हते. रविवारी आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

सोमवारी नऊला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी फुटली होती. जिन्यावर, दारात, खिडकीबाहेर आमचा वर्ग. अधीक्षक साहेब घड्याळ बघत उभे. सिस्टर हातमोजे घालून तयार. काका शांतपणे दहा बाटल्यांना चिकटपट्टी लावून एक ते दहा आकडे घालत होते. गोठवून मग वितळवलेल्या अकराव्या बाटलीवर त्यांनी लिहिलं होतं, 'मुद्दाम'.

"काय घोळ झालाय?" साहेबांनी विचारलं.

"फ्रीज जास्त थंड झाला, साहेब. माझ्या हातून."

माझ्या हातून! मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी एक बाटली उजेडात धरली. "दिसायला तर सगळ्या सारख्याच आहेत. देऊन टाका. कुणाला कळणार आहे?"

"कळेल, साहेब. पण फार वर्षांनी कळेल," काका म्हणाले, आणि हात पुसून आमच्याकडे वळले. "पोरांनो, नीट बघा. सगळ्या एकदम हलवतो. आत पांढरट गढूळ होईल. जी लस मेली तिच्यातला गाळ झपाट्याने खाली बसेल आणि वर नितळ पाणी दिसेल. जी जिवंत ती गढूळच राहील. 'मुद्दाम'शी ताडून बघायचं. अर्धा तास. शर्यत आहे, पण यात जी मागे राहील ती जिंकली."

त्यांनी आणि सिस्टरनी मिळून अकरा बाटल्या जोरजोरात हलवल्या आणि पांढऱ्या ट्रेवर खिडकीच्या उजेडात ओळीने उभ्या केल्या. अकराही दुधासारख्या. शहाण्णव माणसं एका ट्रेकडे श्वास रोखून बघतायत, हे दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या मिनिटाला 'मुद्दाम'च्या गळ्याशी पाणी नितळायला लागलं. पाचव्या मिनिटाला तर गाळ पार तळाशी!

"गेली!" लंबू ओरडला. उंचीमुळे त्याला सगळ्यांच्या डोक्यावरून दिसत होतं, त्यामुळे त्याने आपोआप धावतं वर्णन सुरू केलं. "मुद्दाम पडली आहे मंडळी, मुद्दाम पडली! बाकी दहा उभ्या! एक नंबर गढूळ, दोन नंबर गढूळ, तीन... तीनचं काय चाललंय? तीन, सांभाळ!"

"तीन, धर गं!" मागून कुणीतरी किंचाळलं.

तीनने धरलं नाही. आठव्या मिनिटाला तिच्यात नितळ पट्टा दिसला आणि अख्ख्या जिन्यातून "अरेरे" उठलं. मग सात. मग नऊ. प्रत्येक बाटलीबरोबर माझं काळीज तळाला बसत होतं. टोपलीत भिंतीला टेकलेल्या याच असणार, मी मागे ढकललेल्या. पण पाच नंबर! पाच नंबर डगमगतेय असं लंबूने जाहीर केलं आणि जो आरडाओरडा झाला, "पाच, हलू नकोस! पाच, तुला आईची शपथ!" साहेबसुद्धा घड्याळ विसरून ट्रेवर वाकले. वीस मिनिटं. पंचवीस. पाच नंबर ढगासारखी गढूळ ती गढूळच. अर्धा तास!

"सात जिवंत, तीन मेल्या," काकांनी जाहीर केलं आणि खोली छपरासकट उडाली. टाळ्या, शिट्ट्या, कुणी सिस्टरना मिठी मारली. ज्या लसीला वर्ग सहा महिने चुकवत होता तिच्यासाठी तो आता नाचत होता. मी रडत होते आणि हसतही होते.

"पुरे," साहेब म्हणाले. शर्यतीतून सावरायला त्यांना क्षणभर वेळ लागला असावा. "सत्तर डोस झाले. सव्वीस जणांची नेमणूक पुढे गेली. अकरा वर्षांपूर्वी मी काय म्हणालो होतो, आठवतं?" त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

काकांचा हात खिशाच्या पिनेकडे गेला. पिन लवकर निघेना.

"माझ्या हातून झालं," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "शुक्रवारी किल्ली माझ्याकडे होती. बटण मी सातवर केलं. टोपली मी मागे ढकलली. माझी पाण्याची बाटली ठेवायला."

मी तक्त्याकडे गेले, लोंबणारं पेन धरलं आणि शनिवारच्या रकान्यात सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, समासातही लिहिलं. खाली सही, या वेळी साधी.

साहेब मला खूप बोलले. ते सगळं रास्त होतं. मग ते काकांकडे वळले, "आणि तुम्ही हिला किल्ली दिलीत."

"दिली. ती चूक माझीच," काका म्हणाले.

तेव्हा सिस्टर हातमोजे ओढत पुढे आल्या. "साहेब, चूक दोघांची. पण उणे दोन लिहिलं कुणी? शनिवारी हा माणूस तो आकडा चार लिहून मोकळा झाला असता, तर आत्ता मी या पोरांना गढूळ पाणी टोचत असते. किल्ली अशाच माणसाकडे हवी ना?"

साहेब बराच वेळ तक्ता वाचत राहिले. माझं अक्षर वाईट आहे हेही एक कारण असेल. शेवटी म्हणाले, "तीन बाटल्या आणायला मुख्य भांडारात कोण जाणार?"

"मी," काका म्हणाले.

"मग किल्ली राहू द्या. आणि यापुढे ती कुणाला द्यायची नाही."

सत्तर जणांना टोचून झालं. यादीत मी माझं नाव सगळ्यात खाली टाकलं. लंबूने त्याचं माझ्या नावाच्या अगदी वर टाकलं, का ते त्याने सांगितलं नाही. काकांनी शीतपेटी खांद्याला लावून नव्या बाटल्या आणल्या आणि शुक्रवारी उरलेल्या सव्वीस जणांना बोलावलं.

शुक्रवारी मी आणि लंबू तासभर आधी पोचलो. काका भांडाराची पावती लावायला वरच्या मजल्यावर गेले होते. टेबलावर चिकटपट्टीचं रीळ तसंच पडलेलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय करायचं ते बोलावंही लागलं नाही.

काका आले, हात धुतले आणि नेहमीप्रमाणे चहा ओतायला स्टँडकडे वळले. सहाच्या सहा कपांच्या कानांना पांढरी पट्टी. सारखी, नीट गुंडाळलेली.

"हा कुणाचा चावटपणा?" ते ओरडले. "माझा कप कुठला?"

"शोधा," लंबू म्हणाला.

काकांनी एक कप उचलला, उलटा करून पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. तो तसाच हातात धरून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता पारा चढणार.

"काका," मी म्हणाले, "मी आज चहा घेतलेला नाही. दीड वर्ष घेतलेला नाही. खोटं बोलत होते."

"माहीत होतं मला," काका पाठमोरेच म्हणाले. मग वळले, हातातला कप काठोकाठ भरला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "पी गरम आहे तोवर. आणि दंड मोकळा कर, सिस्टर येतायत."